वन्संच्या गाडीची डावी बाजू

शेवटचं बोलणं झालं ते मंगळवारी संध्याकाळी, आमच्या दोन घरांमधल्या कमरेएवढ्या भिंतीवरून. मी दोरीवरचे कपडे काढत होते आणि पलीकडे सुमनवन्सं आपली पांढरी गाडी फडक्यानं पुसत होत्या. वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची धाकटी बहीण, आणि निवृत्त झाल्यापासून माझी शेजारीण. तीन महिने आमचं बोलणं बंद होतं. बंद म्हणजे अगदी बंद... कढीची वाटी भिंतीवर ठेवायची नाही, नळाला पाणी आलं का एवढंसुद्धा विचारायचं नाही. त्या दिवशी मात्र फडकं पिळता पिळता त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "वहिनी, त्या पोरीचं घर लक्षात आहे ना तुमच्या?" मी म्हटलं, "आहे." "जाऊन यायला हवं एकदा. दोघींनी." इतकं सरळ बोलल्या बिचाऱ्या. आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "जायचं कशानं? गाडीची चावी तर पुण्याला आहे." चावी पुण्याला का गेली, कुणामुळे गेली, हे दोघींनाही ठाऊक होतं. वन्संनी फडकं बादलीच्या काठावर पसरलं आणि आत गेल्या. गुरुवारी सकाळी साडेसातला दूधवाल्यानं माझी बेल वाजवली, "आजी, शेजारच्या ताई दार उघडत नाहीत." माझ्याकडे त्यांच्या घराची एक किल्ली असायची, भांडणातही ती आम्ही परत मागितली-दिली नव्हती. दार उघडलं तर वन्सं कॉटवर, कुशीवर, चष्मा उशाशी घडी करून ठेवलेला. डॉक्टर म्हणाले झोपेतच हृदय बंद पडलं, काही कळलंसुद्धा नसेल. लोक म्हणाले, पुण्यवान बाई. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या कानात माझंच वाक्य वाजत होतं... जायचं कशानं.

वन्संची सगळी नोकरी पेठ तालुक्यात गेली. आरोग्य सेविका होत्या. तिकडची वाट म्हणजे चढ-उतार, एसटी दिवसातून दोनदा, ती चुकली की जीपच्या मागच्या फळीवर लोंबकळत जायचं, नाहीतर पायी. लसीचा डबा खांद्याला, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. यजमान लवकर गेले, पदरात मिलिंद चार वर्षांचा. तरी कधी रडगाणं ऐकवलं नाही. निवृत्त होऊन आमच्या शेजारची जागा घेतली आणि वर्षभरात एक दिवस येऊन सांगतात, "वहिनी, मी गाडी शिकतेय." वय एकोणसाठ! मी म्हटलं, "वन्सं, या वयात लोक काठी घेतात." तर म्हणाल्या, "आयुष्यभर कंडक्टरच्या घंटीवर चढले-उतरले. आता मला वाटेल तिथं उतरणार." मिलिंदनं पुण्याहून फोनवर नवी गाडी घेऊन देतो म्हटलं, तर त्यालाही गप्प केलं, की नवी गाडी शिकाऊ माणसाला शोभत नाही, पहिला ओरखडा पडला की रात्रभर झोप नाही. मला जुनी, काटकसरी, छोटी गाडी हवी.

ती गाडी त्यांनी घेतली कशी, तेही सांगण्यासारखं आहे. गंगापूर रोडला एका दातांच्या डॉक्टर जोडप्याकडे आठ वर्षं वापरलेली होती, पेट्रोलवरची, चार दारांची. मला बरोबर नेलं होतं. मी आपली शिटांची गादी दाबून बघतेय, रंग बघतेय. वन्संनी गाडीकडे बघितलंच नाही. आधी विचारलं, "रोज कुठं उभी असते ती जागा दाखवा." तिथली फरशी वाकून बघितली, तेलाचा डाग आहे का. मग आतली पायपुसणी उचलून खालचा गालिचा हातानं चाचपला, पाणी मुरलंय का. नाक आत घालून वास घेतला. आणि मग पर्समधून काय काढावं? स्टेथोस्कोप! बॉनेट उघडायला लावलं, इंजिन चालू करायला लावलं आणि कानात नळ्या घालून इथं तिथं लावून ऐकत राहिल्या. डॉक्टरीणबाई हसू दाबून उभ्या. वन्संनी नळ्या काढल्या आणि म्हणाल्या, "छाती साफ आहे. एका बाजूला जरा घरघर आहे, पण ती पट्ट्याची आहे. बदलून घेईन." पुढे सातपूरच्या सलीम मिस्त्रींनी गाडी बघितली तेव्हा खरंच पट्टाच निघाला. तेव्हापासून मिस्त्री त्यांना मानायचे. वन्संचा नेम होता, दर गुरुवारी गाडी काढायच्या आधी बॉनेट वर करायचं. तेलाची सळई ओढून पुसायची, परत बुडवून उजेडात धरायची, पाणी बघायचं, चारही चाकं बोटानं ठोकायची. "रोग झाल्यावर औषध देतात ते डॉक्टर, होऊ नये म्हणून हिंडते ती नर्स," असं म्हणायच्या. लिटरला अठरा किलोमीटर देते याचं त्यांना नातवाच्या मार्कांसारखं कौतुक. आणि मग आम्ही निघायचो. त्या चालवायला, मी डावीकडे. चांदवडला देवीला, वणीला, कधी नुसतं धरणापर्यंत कणीस खायला. पेठकडच्या त्यांच्या जुन्या बायका मोठ्या दवाखान्यात यायच्या, त्यांना स्टँडवरून आणायचं, परत सोडायचं. लग्न होऊन आल्यापासून मी लग्नकार्य सोडलं तर घराबाहेर पडले नव्हते. नाशिक माझं बघून झालं ते साठीनंतर, त्या गाडीच्या काचेतून. हे सगळं मी मुद्दाम सांगतेय. कारण पुढे मी गप्प का बसले, ते याच्याशिवाय कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडीला पंधरा वर्षं भरत आली होती आणि परत पासिंग करायचं होतं, म्हणून सलीम मिस्त्रींकडे डेंटिंग-पेंटिंगला नेली. मिस्त्री गाडीभोवती एक चक्कर मारून आले. उजवीकडे थांबले, डावीकडे थांबले, परत उजवीकडे गेले. म्हणाले, "ताई, एक पूछू? उजवी बाजू एकदम शोरूम. आणि सगळे ओरखडे डाव्या बाजूलाच कसे?" मी बघितलं. खरंच. पुढचं मडगार्ड चेपलेलं, दोन्ही दारांवर रेघा, आरशाचं कव्हर तुटलेलं. सगळं डावीकडे. वन्सं हसल्या, "पार्किंगमधली पोरं, दुसरं काय." मिस्त्रींनी मान हलवली, पण नजर माझ्याकडे होती. रिक्षानं घरी आलो. दारात आल्यावर विचारलं, "वन्सं, डावीकडचं दिसतं ना तुम्हाला?" त्यांनी कुलूप काढलं, चपला काढल्या, पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "समोरचं लख्ख दिसतं. डाव्या कडेचं गेलंय. काचबिंदू आहे, वर्ष झालं. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकावं म्हणून थेंब घालतेय." "मग गाडी?" "गाडी चालते की." "मिलिंदला?" तिथं मात्र त्यांचा चेहरा उतरला. माझे दोन्ही हात धरले. "वहिनी, मिलिंदला सांगितलंत तर तो मला पुण्याला नेईल, बाराव्या मजल्यावर. मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही... तुम्ही डावीकडे बसता ना? डावीकडचं तुम्ही बघा."

आता लिहिताना हातावर काटा येतो, पण तेव्हा मला ते पटलं. दोन म्हाताऱ्या मिळून एक ड्रायव्हर! आम्ही खूणसुद्धा ठरवली. आधी मी तोंडानं सांगायची, पण मागे कुणी बसलं असलं तर कळेल, म्हणून मग बोटाच्या पेरानं समोरच्या डॅशबोर्डवर ठोकायचं. सायकल, मोटरसायकल, माणूस असेल तर एकदा. मोठी गाडी, जनावर असेल तर दोनदा. मोकळं असेल तर तळहात सपाट ठेवायचा. मागे माझी सून बसलेली असली तरी तिला वाटायचं सासूबाई भजनाचा ठेका धरतायत. पासिंग झालं त्या दिवशी वन्संनी पेढे आणले. म्हणाल्या, "गाडी पास झाली. आता माझी परीक्षा कुणी घेऊ नये म्हणजे मिळवली." आम्ही दोघी हसलो. पण खरं सांगते, त्या दिवसापासून गाडीतलं माझं सुख संपलं. मी कधी बाहेरची शेतं बघितली नाहीत, दुकानाच्या पाट्या वाचल्या नाहीत. डोळे ताणून नुसती रस्त्याची डावी कड बघायची. घरी आले की मान अवघडलेली असायची. रिंग रोडला एकदा एक रिक्षा डावीकडून अशी घुसली की मी ठोकायचं सोडून किंचाळले. वन्संनी ब्रेक दाबला, रिक्षावाला शिव्या देऊन गेला. मग वन्सं म्हणाल्या, "पेरानं दोनदा. किंचाळायचं ठरलं नव्हतं." आणि मी मूर्ख, हसले.

यंदाच्या ज्येष्ठात माझ्या नातीचा साखरपुडा ठरला. पैठणी घ्यायला येवल्याला जायचं, तर वन्सं म्हणाल्या, विणकराच्या घरूनच घेऊ, माझ्या ओळखीचे आहेत. गेलो. मागावर बसून दाखवलं त्यांनी, चहा झाला, साडी घेतली. वांगी रंग, पदरावर मोर. परत निघायला साडेचार झाले. रस्त्याला कांद्याच्या ट्रॉल्या, एकामागे एक, वन्सं सावकाश चालवत होत्या. मी ठोकत होते, एकदा, दोनदा, हात सपाट. नंतर बराच वेळ रस्ता मोकळा लागला. साडी मांडीवर होती. मला वाटलं उन्हात मोराचा रंग कसा दिसतो ते एकदा बघावं. फार नाही, पदराची एक घडी उलगडली... तेवढ्यात डावीकडे काहीतरी खडकन वाजलं आणि आरसा मिटून काचेवर आपटला. वन्संनी गाडी थांबवली. मागे वळून बघितलं तर पाटाच्या पुलाच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या चारीत सायकल पडलेली आणि शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दप्तरासकट तिच्याखाली.

वन्सं धावल्या. अडुसष्टाव्या वर्षी धावल्या. सायकल बाजूला केली, पोरीचं डोकं चाचपलं, हातपाय हलवून बघितले, बोटं मोजायला लावली. कोपर आणि गुडघा सोलवटला होता, रक्त येत होतं, पण हाड शाबूत. गाडीतली पेटी आणली, "मी नर्स आहे," म्हणत जखम धुतली, पट्टी बांधली. तोवर शेतातून माणसं जमली. पोरीचा बापही आला, पलीकडच्या मळ्यातून, कांद्याच्या मातीनं माखलेले हात घेऊन. भाऊसाहेब नाव त्यांचं, लोक हाका मारत होते त्यावरून कळलं. पोरीचं नाव कोमल. कुणीतरी आवाज चढवला, "काय बाई, दिसत नाय का?" त्यानं ते सहज म्हटलं असेल, रागाच्या भरात कुणीही म्हणतं. पण मी बघितलं, वन्संचा चेहरा पांढरा पडला. आणि त्या बोलून गेल्या, "एकदम आडवी आली हो पोरगी. मी केवढा ब्रेक दाबला." कोमल चटकन म्हणाली, "मी कडंनंच चालले होते." बारीक आवाजात, पण अगदी स्पष्ट. भाऊसाहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग वन्संच्या पांढऱ्या केसांकडे, हातातल्या कापसाकडे बघितलं. म्हणाले, "गप ए. बाईंनी येवढं केलं आन् तू त्यांनाच उलटून बोलती? तुला कितींदा सांगितलं, सायकल झुलवत चालवायची नाय. उद्यापासून सायकल बंद." वर त्यांनी आमच्यापुढे हात जोडले. "दुसरं कोणी असतं तर पळून गेलं असतं. लय उपकार झाले." आणि ती मुलगी माझ्याकडे बघत होती. वन्संकडे नाही, माझ्याकडे. गाडीत डाव्या काचेशी बसलेली बाई कोण होती, ते तिला माहीत होतं. वाटलं असेल, ही म्हातारी तरी सांगेल. मी पदर सारखा केला आणि गाडीत जाऊन बसले.

निफाड मागे पडलं. मग वन्सं म्हणाल्या, "तुम्ही ठोकलं नाहीत." मी म्हटलं, "आणि तुम्ही पोरीवर ढकललंत." बास. एवढंच. घरी येऊन आपापल्या दारात शिरलो. रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे ती पोरगी. तिची शाळा चार-पाच किलोमीटर तरी असेल. वाटलं, उद्या वन्सं परत गाडी काढतील, परवा काढतील, आणि एखाद्या दिवशी नुसता कोपर सोलवटून भागायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी मिलिंदला फोन केला. "आईला डावीकडचं दिसत नाही, काचबिंदू आहे, चावी काढून घे." त्यानं विचारलं, "मामी, काही झालं का?" मी म्हटलं, "नाही रे, होऊ नये म्हणून सांगतेय." म्हणजे बघा. वन्संचं गुपित फोडलं, पण पोरीचं नाव घेतलं नाही. कारण ते सांगायचं तर ठोकायची खूण सांगावी लागली असती, मोर सांगावा लागला असता. शनिवारी मिलिंद आला, आईशी तासभर बोलला आणि दोन्ही चाव्या घेऊन गेला. वन्संनी वाद घातला नाही असं तोच म्हणाला. तो गेल्यावर त्या भिंतीपाशी आल्या. मला वाटलं आता आकांडतांडव करतील. पण शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, सांगायचंच होतं तर पूर्ण सांगायचं." त्यानंतर तीन महिने शब्द नाही. चावी नसलेली गाडी त्या रोज पुसायच्या, वाकून चाकं बघायच्या, बोटानं ठोकायच्या. मी खिडकीतून बघायची. आणि तो मंगळवार आला...

महिन्याच्या श्राद्धाला मिलिंद आला तेव्हा म्हणाला, "मामी, गाडी काढून टाकतो. रविवारी एक जण बघायला येतोय." मी म्हटलं, "टाक. पण आधी मला एकदा येवला रोडला घेऊन चल." बॅटरी पार उतरली होती. सलीम मिस्त्रींनी येऊन दुसऱ्या बॅटरीच्या वायरी जोडून चालू करून दिली. बॉनेट उघडलं आणि क्षणभर तसेच उभे राहिले. "ताई असत्या तर मला बोलावलंच नसतं," म्हणाले. मी माझ्या नेहमीच्या जागी बसले. द्वारका चौक ओलांडून गाडी औरंगाबाद नाक्याकडे लागली, डावीकडून एक मोटरसायकलवाला आला आणि माझं बोट आपोआप डॅशबोर्डवर वाजलं. मिलिंद म्हणाला, "काय गं?" तिथं मी सांगायला सुरुवात केली. मिस्त्रींच्या ओरखड्यांपासून मोरापर्यंत. काही ठेवलं नाही. त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "तुम्ही दोघी वेड्या होतात का? दोन वर्षं? एखादी पोर मेली असती म्हणजे?" मी म्हटलं, "हो." "आणि आई खोटं बोलली?" "हो. आणि मी गप्प बसले." "मग आता कशाला, मामी? ती गेली. तिकडे लोक तिला देवमाणूस समजतायत, तर राहू दे की. महिना झालाय फक्त... मेलेल्या माणसाला तिथं नेऊन खोटं ठरवायचं?" त्याचं काही चूक नव्हतं. मी म्हटलं, "मिलिंद, तिला जायचं होतं. जायच्या आधीच्या मंगळवारी तिनं मला विचारलं होतं. मी तिला टोमणा मारला." पाचेक मिनिटांनी त्यानं चावी फिरवली. मला कळेना, गाडी आता पुढे जाते की परत वळते. गाडी पुढे गेली.

पाटाचा पूल लगेच ओळखला. मळ्यात कांदाचाळीपुढे भाऊसाहेब चार बायकांबरोबर कांदे निवडत बसले होते. गाडी बघून हात झटकत उठले, तोंडभर हसले. "या या मावशी! नर्सबाई कुठं? कश्या हायेत त्या?" मी सांगितलं, गेल्या. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "अरारा... देवमाणूस हो." मिलिंदनं मान खाली घातली. त्या क्षणी परत फिरणं किती सोपं होतं. चहा पिऊन, डोळे पुसून, त्यांच्या स्तुतीत दोन शब्द माझे मिसळून. दारात कोमल येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे बघून बोलले, नाहीतर बोलताच आलं नसतं. म्हटलं, "भाऊसाहेब, तुमची पोरगी कडेनंच चालली होती. आडवी आली नव्हती. आमच्या वन्संना डावीकडचं दिसत नव्हतं आणि त्यांच्यासाठी बघायचं काम माझं होतं. मी मांडीवरची साडी बघत होते. चूक आमची. त्या सांगायला येणार होत्या, मी त्यांना येऊ दिलं नाही."

कांदे निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. भाऊसाहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "मंग तवाच का नाय बोलल्या?" मी म्हटलं, "भ्याले." "म्हाताऱ्या माणसांनी असं करावं?" मग पोरीकडे हात करून म्हणाले, "चार महिने पोरगी पायी जाती. निम्म्या येळी जातच नाय. दहावीचा ज्यादा तास सकाळी सातला, तो बंदच केला तिनं." आता त्यांचा आवाज चढला होता, आणि मला ते बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. एवढे दिवस कुणीतरी ओरडावं याचीच मी वाट बघत होते. कोमल मागून म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, दादा." बापानं वळून तिच्याकडे बघितलं. चाळीच्या मागे गेले आणि विळ्यानं दोरी तोडल्याचा आवाज आला. सायकल वर टांगून ठेवली होती त्यांनी. घेऊन आले तर तिच्यावर बोटभर धूळ, दोन्ही चाकं रिमवर बसलेली. "हवा मारायला गावात न्यावी लागंल," असं कुणाकडेही न बघता म्हणाले. चहाचं कुणी विचारलं नाही. ते बरोबरच होतं.

मिलिंद एकदम वळला आणि त्यानं गाडीची डिकी उघडली. स्टेपनीच्या खाली, जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला पायाचा पंप निघाला. सायकलला लागणारी वेगळी पिनसुद्धा त्याला सुतळीनं बांधून ठेवलेली. पेठच्या पहिल्या दोन वर्षांत वन्सं सायकलनंच हिंडायच्या, तेव्हापासूनची असणार. पंप जुनाच होता. नळीला मध्ये एक लांब चीर पडलेली, आणि तिच्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी, एकावर एक अर्धी चढवत, टोक आत दुमडून, अशी नेटकी गुंडाळलेली, जसं एखाद्याचं मनगट बांधावं. मिलिंद ते बघत तसाच उकिडवा बसून राहिला. पंप मारायचं त्याला सुचेना. तेव्हा कोमल पुढे आली, त्याच्या हातातून पंप घेतला, जमिनीवर ठेवला आणि पाय दिला. फस्... फस्... मागचं चाक हळूहळू रिमवरून वर उचललं गेलं. तिनं अंगठ्यानं दाबून बघितलं, परत पाय दिला. मी नळीवर हात ठेवला. चार महिने दाबून ठेवलेला हुंदका मला तिथं आला, त्या परक्या मळ्यात, सगळ्यांपुढे. पण हात मी काढला नाही. नळीतून कुठंही हवा सुटत नव्हती. पट्टी वन्संनी बांधली होती.